काठी आणि कपॅसिटर

वरच्या मजल्यावर काठी आपटली आणि खालच्या दुकानात मिक्सर दुरुस्त करणाऱ्या मुलाचे गुडघे आधी कण्हले.

वडिलांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं होतं. डॉक्टरांनी त्यांना डोळे मिटून पडायला सांगितलं होतं. तोंडाबद्दल काही सांगायचं राहून गेलं. पेपर वाचून दाखवावा एवढीच त्यांची मागणी, पण ती सुट्या भागांत यायची. सकाळी अग्रलेख, दुकानात गिऱ्हाईक असताना हवामान, जेवायला बसलं की निधनवार्ता. जिने चढून मुलगा मेटाकुटीला आला होता.

शेवटी त्याने एफएम ट्रान्समीटर बनवायला घेतला. खाली बसून पेपर वाचायचा, वर बाबांच्या उशाशी रेडिओवर ऐकू येईल. जिन्याला कायमचा रामराम! फक्त एक गोष्ट त्या शहाण्याच्या ध्यानात आली नाही. रेडिओ बोलतो, उलट उत्तर देत नाही. कसं ऐकू आलं हे विचारायला जिनाच चढायचा होता.

पहिली चाचणी झाली. काठी आपटली.

"डास वाचतोय का पेपर?" बाबा म्हणाले. "तुझा आवाज कुठे गेला?"

मुलगा खाली येऊन डोक्याला हात लावून बसला. बायको चहा घेऊन आली.

"काय बिघडलं आता?"

"लूप फिल्टर. स्टेशन जागेवरून हललं की त्याला परत ओढायचं, ते किती घाईने, हे तो ठरवतो. पण आवाज म्हणजेसुद्धा स्टेशनचं हलणंच. हा इतका उतावळा, की माझा जाड आवाजच चूक समजून पुसून टाकतो."

"म्हणजे तुमचाच भाऊ," बायको म्हणाली. "काठी वाजली की धावलाच!"

त्याची घाई कमी करायला त्याने चांगला मोठा कपॅसिटर लावला. काठी आपटली. आता स्टेशन जागेवर यायलाच तयार नव्हतं. "अर्धा अग्रलेख खरखरीत गेला!" मग रेझिस्टर बदलला. काठी आपटली. "आता शेळी वाचतेय. आवाज थरथरतोय नुसता." प्रत्येक तक्रारीला जाताना एक जिना आणि येताना एक. खाली बसून पेपर वाचण्याच्या नादात त्या दिवशी तो एरवीपेक्षा दुप्पट चढला, आणि त्याला फक्त रडू यायचं बाकी राहिलं.

संध्याकाळी त्याने शेवटचा रेझिस्टर जोडला आणि वाचायला सुरुवात केली. अग्रलेख झाला. काठी नाही. हवामान झालं, तरी काठी नाही. निधनवार्ता त्याने चक्क आनंदाने वाचल्या. जमलं! आता फक्त एकदा वर जाऊन शाबासकी घ्यायची, म्हणून तो आपण होऊन जिना चढला.

बाबा डोळे मिटून स्वस्थ पडले होते. रेडिओचा दिवा विझलेला होता. त्याने बटण फिरवून पाहिलं. सेल संपले होते.

नवे सेल खाली दुकानात होते. मुलाने जिन्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या गुडघ्यांकडे, आणि तो खाटेशेजारच्या खुर्चीत मटकन बसला. पेपर हातात होताच. तो हळू आवाजात पहिल्यापासून वाचू लागला.

बाबांच्या कपाळावरच्या आठ्या सैल झाल्या.

"वा!" ते डोळे न उघडता म्हणाले. "आता कसा भरदार येतोय! अगदी शेजारी बसून वाचल्यासारखा. मघाशी मध्येच गप्प झालास, म्हटलं दमला असेल पोरगा, नको काठी आपटायला."

मुलाने पान उलटलं.

"हेच राहू दे," बाबा म्हणाले. "आता काही बदलू नकोस."