हिंदुरावांचा रूपांतरणकाळ

पिंपळदऱ्याच्या हिंदुराव जगदाळ्यांची हळद सेंद्रिय ठरली, पण खुद्द हिंदुराव ठरले नाहीत.

नियम नवा होता, पण सरळ होता. परदेशातल्या गिऱ्हाइकांचं म्हणणं असं की, माती तपासता, पाणी तपासता, मग ज्या हातांनी हळद काढली ते हात का सोडता? तेव्हा खांबेटे नावाचे तपासनीस आले आणि घरातल्या दोन्ही माणसांची नखं आणि केस पाकिटात घालून घेऊन गेले. महिन्याभरानं अहवाल आला. हिंदुरावांच्या नमुन्यात केसांचा कलप सापडला, तंबाखू सापडली, सोसायटीच्या निवडणुकीतली बिर्याणी दोन वेळा सापडली. आणि एसटी स्टँडवरच्या टपरीतली क्रीमची बिस्किटं तर इतकी सापडली, की यंत्र बिघडलं असं समजून प्रयोगशाळेनं तपासणी पुन्हा केली.

त्यांच्या बायकोच्या, हौसाबाईंच्या नमुन्यात काहीच सापडलं नाही.

"अवशेष शून्य," खांबेटे म्हणाले. "माझ्या नोकरीत असा नमुना पहिलाच. ताई, तुम्ही खाता तरी काय?"

"उरंल ते," हौसाबाई म्हणाल्या. "शिळी भाकरी, शेतातली भाजी. बाजार हे करत्यात. पिशवीत मीठ अन् काडेपेटी येती."

खांबेट्यांनी ते 'आदर्श आहारपद्धती' या रकान्यात लिहून घेतलं. हिंदुरावांनी मान खाली घातली. दर बुधवारी बाजाराला जायचं, टपरीवर पुडा फोडायचा आणि तोंड पुसून घरी यायचं, हा त्यांचा चाळीस वर्षांचा शिरस्ता. त्याचा छापील पुरावा निघेल, आणि तो बायकोच्या नखांतून निघेल, हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं.

खांबेट्यांनी निर्णय वाचून दाखवला. हिंदुराव तीन वर्षं रूपांतरणाखाली, म्हणजे रासायनिक जमीन सेंद्रिय व्हायला जेवढा काळ धरतात तेवढा. तोवर रासायनिक शेजाऱ्यापासून सेंद्रिय पिकाला जेवढं संरक्षण, तेवढं हौसाबाईंना हिंदुरावांपासून.

"अवो सायेब, लग्नाची बायको हाय ती माझी," हिंदुराव म्हणाले.

"लग्नाला आमची हरकत नाही," खांबेटे म्हणाले. "संपर्काला आहे."

सोप्याच्या मधोमध फरशी उकरून, शेताच्या बांधाला लावतात तशी शेवरीच्या झुडपांची दुहेरी ओळ लावण्यात आली. चूल, झोपाळा आणि देवघर पलीकडं गेलं. अलीकडं हिंदुरावांची खाट आणि रेडिओ राहिला. त्यांच्या गळ्यात 'रूपांतरणाखाली' असं कार्ड आलं, आणि वारा पश्चिमेचा असताना त्यांनी शिंकायचं नाही, असं लेखी ठरलं. जेवणाचं ताट फावड्यावर ठेवून हौसाबाई शेवरीखालून सरकवू लागल्या. गावाला काय, आयतीच करमणूक. "तात्या, औंदा पिकताय का?" असं जो तो दारावरून विचारून जाई.

हिंदुराव सुधारायला लागले. कलप सोडला, दोन महिन्यांत डोकं कापसासारखं पांढरं झालं. तंबाखू सोडली. बुधवारचा बाजार गडी करू लागला. चाळीस वर्षं बायकोकडं पाठ करून रेडिओ ऐकलेला माणूस आता पानांच्या फटीतून ती काय करतेय ते बघत बसे. तिची फार आठवण येई, आणि ती तर सात हातांवर तांदूळ निवडत असे.

दुसऱ्या वर्षाच्या तपासणीआधी खांबेट्यांचा निरोप आला, की हळदीच्या पाकिटावर हौसाबाईंचा फोटो छापायचा आहे. त्या संध्याकाळी हौसाबाई शेवरीपलीकडून म्हणाल्या, "ते बिस्कीट कसं लागतं वो?"

"बरं लागतं."

"बरं म्हंजी?"

"मधी नारंगी असतं," हिंदुराव कसंबसं म्हणाले.

चौथ्या दिवशी हौसाबाईंनी ताट सरकवलं, पण फावडं मागं घेतलं नाही. मग म्हणाल्या, "बुधवारी एक पुडा आणा."

"हौसा, अगं, हळद जहाजावर चढायची न्हाई."

"न्हाई तर न्हाई. पुडा आणा."

हिंदुराव स्वतः बाजाराला गेले. पुडा न फोडता घरी आणायची त्यांची ही पहिलीच वेळ. परतले तेव्हा खांबेटे कॅमेरा घेऊन पलीकडं बसले होते. हिंदुरावांनी त्यांच्यादेखत पुडा शेवरीतून आत दिला. हौसाबाईंनी तो फोडला, बिस्कीट चहात बुडवलं आणि लक्ष देऊन चावून खाल्लं.

"एवढंच व्हय?" त्या शेवरीकडं बघून म्हणाल्या. "एवढ्यासाठी चाळीस वर्सं मला चुकवून खात हुता?"

हिंदुरावांनी टॉवेलच्या टोकानं डोळे पुसले.

खांबेट्यांनी 'बिस्कीट, एक' अशी नोंद केली. हौसाबाईंनी दुसरं खाल्लं, तेव्हा नोंद दुरुस्त केली. मग 'रूपांतरणाखाली'चं दुसरं कार्ड काढून त्यांनी हौसाबाईंना अदबीनं अलीकडं जायला सांगितलं. हौसाबाई शेवरीतून आडव्या होऊन आल्या आणि खाटेवर बसल्या. पुडा हाताळल्याबद्दल हिंदुरावांचीही तीन वर्षं पहिल्यापासून धरण्यात आली. चूल पलीकडं राहिली म्हणून अंगणात तीन दगड मांडले.

खांबेट्यांनी पलीकडच्या रिकाम्या निम्म्या घराचे नमुने नेले. अहवाल असा आला: 'या भागात माणूस आढळला नाही. अवशेष शून्य.' त्या भागाला पहिल्या प्रतीचं प्रमाणपत्र मिळालं आणि हळद त्याच्या नंबरावर वेळेत जहाजावर चढली. पाकिटावर रिकामा झोपाळा छापला, खाली 'आमचं शेतकरी कुटुंब' असं लिहिलं. इतकं स्वच्छ कुटुंब आम्ही आजवर पाहिलं नव्हतं, असं गिऱ्हाइकांचं पत्र आलं.

प्रमाणपत्र पलीकडच्या भिंतीवर लावलंय. संध्याकाळी दोघं खाटेवर बसून शेवरीतून तिकडं बघतात.

"चांगलं दिसतंय न्हाई घर, आपण नसल्यावर?" हौसाबाई म्हणतात.

"दिसतंय खरं."

"बरं, पुडा सरकवा हिकडं."