शांतवनरावांच्या रविवारच्या सूचना

यशवंतराव केदाऱ्यांच्या सुनेला तिच्या माहेरी, जामखेडला, मुलगा झाला. ही बातमी शांतवनराव भिंगारदिव्यांनी तीन रविवार अडवून धरली. कारण एकच: त्यांनी मूल पाहिलं नव्हतं. यशवंतरावांनी आलेली तार दाखवली. शांतवनरावांनी ती उलटसुलट करून बघितली आणि परत दिली. "तारंत काय, कायबी लिवता येतं," म्हणाले. शेवटी चौथ्या आठवड्यात ते स्वतःच जामखेडच्या एस.टी.त बसले, संध्याकाळी धुळीने माखून परत आले, आणि रविवारी भर उपासनेत उभं राहून त्यांनी जाहीर केलं, "केदारी यांच्या कुटुंबात पुत्ररत्न. बाळ समक्ष पाहिले. रंग बेताचा, आवाज खणखणीत. नाक आजोबांचे आहे, त्याला इलाज नाही."

अख्खी मंडळी हसली. यशवंतराव नाकावर हात ठेवून हसले. मी हसलो नाही.

माझं दुःख समजायला आमच्या वस्तीची रीत सांगायला हवी. नगरातली आमची ख्रिस्ती वस्ती म्हणजे मिशनच्या आवारातल्या बैठ्या घरांच्या चार रांगा आणि मधोमध देऊळ. चर्चला आम्ही देऊळच म्हणायचो. वर्तमानपत्र दोन-तीन घरांत यायचं, पण त्यात आमच्या रांगांमधलं कधी काही नसायचं. ते सगळं रविवारी कळायचं. प्रवचन संपलं की शेवटच्या गीताआधी सूचना वाचल्या जात. कोण आजारी, कोण पास झालं, कुणाकडे संगमनेरहून पाहुणे आलेत, आणि त्या दुष्काळाच्या साली सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे पाण्याचा टँकर कोणत्या वारी येणार. या सूचना शांतवनराव वाचत.

ते मिशनच्या दवाखान्यातून निवृत्त झालेले कंपाउंडर. अंगात खाकी कोट, उजव्या कानावर पेन्सिल. सूचना ते बाटल्यांना चिकटवायच्या जुन्या लेबलांच्या मागे लिहीत. त्यामुळे ते वाचायला उभे राहिले की पुढच्या बाकावरच्यांना लेबलाची छापील बाजू दिसायची, आणि तिच्यावर 'हलवून घ्यावे' असं असायचं. वाचताना त्यांची भाषा सरकारी व्हायची. "मंडळीस विदित असावे" अशी सुरुवात करायचे आणि मधेच पाय घसरावा तसे आपल्या बोलीत यायचे. "मंडळीस विदित असावे की श्रीमती साळवे यांचे गुडघे पुन्हा धरले आहेत. परवा म्या दाबून बघितले. लई कडक हायेत."

अशी पंचवीस मिनिटं.

आणि आता माझं. मी मिशनच्या हायस्कुलात मराठीचा शिक्षक. माझा आवाज चांगला आहे, हे मी नाही, इन्स्पेक्टरसाहेबांनी सांगितलेलं आहे. आमचे धर्मगुरू, पाळकसाहेब, गावोगाव जात तेव्हा प्रवचन माझ्याकडे असे. मी आठवडाभर तयारी करायचो. दाखला, दृष्टान्त, योग्य जागी थांबणं, सगळं जमवून आणायचो. दुसऱ्या मिनिटाला पुरुषांच्या बाजूला माना कलायला लागायच्या. बायका पंख्याने वारा घेत छताकडे बघत. मी "आमेन" म्हटलं की शांतवनराव कानावरची पेन्सिल काढत उभे राहायचे, आणि तीच माणसं ताठ होऊन बसायची. लहान मुलं बाकावर उभी राहायची! घरी येऊन मी बायकोला विचारायचो, "कसं झालं?" ती म्हणायची, "छान झालं की. साळवेबाईंचे गुडघे पुन्हा धरले म्हणे."

मला हेवा वाटायचा. उगाच गोल बोलत नाही, अगदी पोटात जळायचं.

त्यात एक जुनी गोष्ट होती. मी बी.एड. झालो तेव्हा मोठ्या हौशीने त्यांना बातमी सांगितली होती. ते म्हणाले, "सर्टिफिकेट बघू." मी म्हटलं, "ते पुण्याहून यायचंय." "मग आल्यावर वाचू. मास्तर, राग मानू नका, आपण सोता बघितल्याबिगर वाचत नस्तो." त्याच रविवारी त्यांनी पाटोळ्यांची शेळी व्याल्याचं वाचलं, कारण करडं त्यांनी पाहिली होती. दोन करडांनी माझ्या बी.एड.ला मागे टाकलं. पुढे सर्टिफिकेट आलं, पण मी ते ट्रंकेत टाकलं आणि त्या दिवसापासून आमच्या घरची कसलीही बातमी त्यांना द्यायची नाही असं ठरवलं. बातमी नाही म्हटल्यावर ते आमच्या घरी यायचेही बंद झाले. बाकी सगळीकडे मात्र जायचे. सोमवारपासून शनिवारपर्यंत, संध्याकाळी, एकेका घरी. आजाऱ्याची नाडी बघायची, पाहुण्याला कुठल्या एस.टी.ने आलात विचारायचं, प्रगतिपुस्तकावरचे गुण मोजायचे. टँकरचा वार विचारायला नगरपालिकेतही स्वतः जाऊन बसायचे.

मी पाळकसाहेबांकडे गेलो. शांतवनरावांबद्दल वाईट काही बोललो नाही. फक्त एवढंच म्हणालो की सूचना आता प्रवचनापेक्षा लांबतात. पाळकसाहेबांच्या चेहऱ्यावरून कळलं की दुखणं एकट्या माझं नाही. देवळाच्या पंच कमिटीत ठरलं: सूचना लेखी द्याव्यात, शुक्रवारपर्यंत द्याव्यात, आणि त्या मास्तरांनी शुद्ध भाषेत वाचाव्यात. देवळाच्या दाराशी त्यासाठी एक पेटी ठेवली.

कमिटीतून बाहेर आल्यावर शांतवनराव मला म्हणाले, "वाचा मास्तर. तुमचा आवाज चांगलाय. फकस्त आधी बघून येत जा."

मला वाटलं, हरल्यावर माणूस उपदेश करतोच.

पहिल्या रविवारी मी चार मिनिटांत सूचना संपवल्या. एकही चूक नाही, एकही गुडघा नाही. मंडळी जराशी गोंधळल्यासारखी बसून राहिली. कुणीतरी मागे हळूच म्हणालं, "झालं?"

दुसऱ्या रविवारी मी वाचलं, "श्रीमती दगडूबाई पाटोळे अत्यवस्थ आहेत. मंडळीने त्यांना प्रार्थनेत स्मरावे." आणि आवाज जड करून, योग्य जागी थांबून, डोळे मिटले. तेवढ्यात बायकांच्या बाजूने, तिसऱ्या बाकावरून, आवाज आला.

"ओ मास्तर! मी हितं हाय!"

चिठ्ठी आठ दिवसांपूर्वीची, आधीचा शुक्रवार टळल्यावर टाकलेली होती. म्हातारी केव्हाच उठून भाकरी खायला लागली होती. पाळकसाहेबांनी गीत सुरू केलं, पण बाजाची पेटी वाजवणाराच हसत होता, त्यामुळे कुणालाच सूर सापडेना. माझी नजर शांतवनरावांकडे गेली. वाटलं, आता हा माणूस खूश असणार. ते मांडीवर हात ठेवून खाली बघत होते. तेही मला सहन झालं नाही. हसले असते तर निदान रागावता आलं असतं.

त्याच आठवड्यात टँकरचा वार चुकला. चिठ्ठीत बुधवार होता, टँकर मंगळवारीच येऊन गेला. आमच्या घरी दोन दिवस पाणी पुरवून वापरावं लागलं. बायकोने रिकामा हंडा मी येता-जाता बघेन अशा जागी ठेवला.

गुरुवारी संध्याकाळी निबंधांच्या वह्यांचा गठ्ठा घेऊन मी शाळेतून येत होतो. केदाऱ्यांच्या दारात शांतवनराव उभे दिसले. यशवंतरावांची तीच सून आता बाळाला घेऊन सासरी आली होती. बाळ कडेवर घेऊन ती बाहेर आली. "काय काका? काही काम होतं?" तिने अगदी नीट, आदराने विचारलं.

"न्हाई. काम न्हाई," शांतवनराव म्हणाले. ती थांबली. तेही थांबले. मग म्हणाले, "चाललो व्हतो असाच," आणि पुढे निघाले.

साळव्यांच्या दाराशी ते पुन्हा थबकले. कोटाची बटणं चाचपली, कडीला हात लावला आणि काढून घेतला. तिथून सरळ आपल्या घराच्या ओट्यावर जाऊन बसले. कुलूपही काढलं नाही. कानावर पेन्सिल नव्हती.

खरं तर मी पुढे निघून जाणार होतो. पण पाय थांबले. म्हटलं, "शांतवनराव, साळव्यांकडे आत का नाही गेलात?"

"काय सांगून जाऊ, मास्तर?" ते म्हणाले. "आधी कसं, काय बातमी म्हणलं की बसा म्हणायचे. च्या व्हायचा. आता काय काम काढलं म्हणत्यात. त्यांचं काय चुकतंय? काम तर काईच नाय माझं." मग जरा हसून म्हणाले, "आपलं घर तर सालोमीबिगर उघडूबी वाटत नाही."

सालोमीबाई त्यांची बायको. तिला जाऊन तीन वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. मी वह्यांचा गठ्ठा कमरेवर तोलत उभा होतो आणि मला एकाएकी आठवलं की सालोमीबाई होत्या तोवर सूचना पाच मिनिटांतच संपायच्या. त्या गेल्यानंतर दहा झाल्या, मग पंधरा, मग पंचवीस. तीन वर्षं मी घड्याळ बघून चरफडलो, आणि हे काही माझ्या लक्षात आलं नव्हतं. मला लाज वाटली.

शब्दांचा मी मास्तर, पण त्या वेळी तोंडातून निघालं ते खोटं होतं. "शांतवनराव, माझा घसा बसलाय. या रविवारपासून सूचना तुम्हीच वाचा, मी पाळकसाहेबांना सांगतो. आणि आमच्या हिला ताप आहे. दोन दिवस झाले. तेही सूचनेत घ्या."

त्यांनी मान वर केली. "कवाशी बघायला यिऊ?"

"आत्ताच चला."

त्यांनी कुलूप काढलं, आत गेले आणि पेन्सिल घेऊन बाहेर आले.

घरी बायको चुलीपुढे भाकऱ्या थापत होती, चांगली घाम गाळत, गुणगुणत. मी दारातूनच मोठ्याने म्हणालो, "अगं, ताप असताना उठलीस कशाला? हे बघ, शांतवनराव तुला बघायला आलेत." तिने माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या मागे पाहिलं. पिठाचे हात पुसले, डोक्यावरून पदर घेतला आणि खाटेवर जाऊन बसली. इतका चांगला अभिनय ती करते हे मला लग्नानंतर बारा वर्षांनी कळलं.

शांतवनराव स्टुलावर बसले. नाडी धरली. डोळे मिटून बराच वेळ धरून ठेवली. जन्मभर दवाखान्यात काढलेला माणूस; ताप नाही हे त्यांना पहिल्या दहा ठोक्यांतच कळलं असणार. हा माणूस कुणासाठी कधी खोटं वाचत नाही, हे मला चांगलं माहीत होतं.

मग चहा झाला. गुळाचा, बिनदुधाचा. मग दुसरा झाला. दगडूबाई कशी ओरडली ते त्यांनी तिच्या आवाजात करून दाखवलं, आणि माझी बायको पदरात तोंड लपवून इतकी हसली की मला तिथेही त्यांचा हेवा वाटला. माझ्या बोलण्यावर ती अशी कधी हसलेली नाही.

दिवे लागले तेव्हा ते उठले. लेबलाच्या मागे त्यांनी काहीच लिहिलं नव्हतं. दारात चप्पल घालता घालता, माझ्याकडे न बघता, ते म्हणाले, "मास्तरीणबाई, ताप जरासा हाय. पन पक्का न्हाई. त्यामुळं आत्ताच वाचता यायचं न्हाई. उद्या पुन्यांदा यिऊन बघावं लागंल."

"या की," ती म्हणाली. "उद्यापण असेल."