त्राय्कोच्या गुडघ्याची लाडीगोडी

डोंगरावरच्या क्रुशेव्हो गावाच्या चढउतारांवर चौतीस वर्षं टपाल वाटून त्राय्को निवृत्त झाला, आणि पाठोपाठ त्याच्या उजव्या गुडघ्यानंही राजीनामा दिला. एरवी त्यानं सोसलं असतं. पण लेकीचं, नेव्हेनाचं, लग्न तीन आठवड्यांवर आलं होतं. लग्नात हातात हात घालून रांगेनं फेराचा नाच होतो; त्यात सगळ्यांत पुढं, रुमाल फिरवत, बापानंच नाचायचं. बाप खुर्चीत बसून राहिला, तर गावाला वर्षभर तोंडी लावायला तेवढं पुरतं.

दवाखान्यातल्या बाईंनी त्याला हातानं करायचे उपाय शिकवले. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी घेऊन पाय सैल सोडायचा, वरची मांडी तळव्यानं मळायची, वाटीच्या कडेकडेनं अंगठे फिरवायचे, मग वाटी हलकेच डावी-उजवीकडे सरकवायची. "दुखलं की थांबायचं," बाई म्हणाल्या. "जबरदस्ती नाही. लाडीगोडीनं घ्या."

घरी सांगायचं नाही, एवढंच त्यानं ठरवलं. कारण बायकोला, स्लाविकाला, गुडघ्यावर एकच औषध ठाऊक होतं: कोबीचं पान. (गेल्या हिवाळ्यात महिनाभर तिनं ते बांधलं होतं. कॉफीच्या दुकानात मित्र वासानं दोन खुर्च्या सोडून बसायचे.)

तेव्हा रोज सकाळी स्लाविका अंगणात हिवाळ्याच्या चटणीसाठी मिरच्या भाजायला बसली, की हा मागच्या खोलीला कडी लावायचा. आणि लाडीगोडी म्हणजे बोलणं आलंच. (घरोघरच्या कुत्र्यांची समजूत घालत जन्म गेलेला माणूस तो.)

पाचव्या दिवशी स्लाविका मीठ न्यायला आत आली आणि त्या दाराशी थबकली.

"अशी आखडू नकोस गं," आतून आवाज येत होता. "कालच्यापेक्षा आज किती मऊ झालीस! लग्नापर्यंत साथ दे, मग तू म्हणशील तसं. पण हिला कळता कामा नये हं!"

मीठ राहिलं बाजूला. स्लाविकानं शेजारच्या नणंदेला, दोन्काला, हाक मारली. ती हातातल्या चिमट्यासकट आली.

"वन्सं, ऐका भावाचे पराक्रम!"

"या वयात?" दोन्कानं दाराला कान लावला. "अगं, याला स्वतःचे मोजे सापडत नाहीत, बाई कुठली सापडतेय?"

"आता जरा डावीकडे सरक," आतून आलं. "हां! शहाणी माझी ती!"

दोन्कानं खांदा दिला. कडी उखडून आत पडली. खुर्चीत त्राय्को, पायजमा मांडीपर्यंत वर, दोन्ही हातांत गुडघा.

"कुठंय ती?" स्लाविका कडाडली.

"कोण?"

"मऊ झालेली!"

त्राय्कोनं गुडघ्याकडे बोट दाखवलं. "वाटी."

दोन्का हसता हसता जमिनीवरच बसली. स्लाविका मात्र हसली नाही. पलंगाच्या कडेवर टेकत म्हणाली, "इतकं दुखतंय, तर मला का नाही सांगितलंस?"

"कोबी..."

"जळो मेला कोबी! माझा डावा गुडघा दोन वर्षं ठणकतोय. मी कधी बांधला का?"

"मग तू का नाही बोललीस?"

"लग्नघरात एक लंगडा पुरे, म्हटलं."

त्राय्को उठला. तिला खुर्चीत बसवलं, टॉवेल तिच्या गुडघ्याखाली सारला आणि म्हणाला, "पाय सैल सोड. दुखलं तर सांग. या वेळी खरंच सांग." अंगणात मिरच्यांचा कोळसा झाला, पण त्या दिवशी कुणी कुणाला बोल लावला नाही.

पुढं रोज सकाळी दोघंही समोरासमोर गुडघे चोळत बसू लागली. लग्नाच्या दिवशी त्राय्कोनं रुमाल उचलला आणि दुसऱ्या हातात स्लाविकाचा हात घेतला. गुडघा कुरकुरला, पण चालला. एक फेरी झाली, दुसरी झाली. मागं पाहतो तर रांग वाढतच चाललेली. वर्षानुवर्षं न उठलेल्या म्हाताऱ्यासुद्धा नाचत होत्या! त्राय्कोची छाती फुगली.

वाजंत्री थांबल्यावर शहाऐंशी वर्षांचे मित्रूशमास्तर घाम पुसत आले आणि त्याच्या गळ्यात पडले. "वीस वर्षांनी नाचलो रे, त्राय्को!"

"लेकीचं लग्न, मास्तर. अंगात वारंच शिरलं माझ्या."

"वारं? अरे, तू इतका सावकाश चालला होतास, की जेवणाची रांग समजून मी शिरलो!"