हॉल्ट! काहील पहिली

दोन हजार तेवीस साल. मला अडुसष्टावं लागलेलं. माझा थोरला भाऊ आण्णा तवा डोक्यावर मिलिटरीची टोपी घालून कृष्णेच्या पाण्यात कमरेएवढा उभा राहायचा आणि शिट्टी मारून नावा अडवायचा.

नावा किती? दोन. एक माझी, बेटावरच्या रानात बायकांना सोडणारी. दुसरी नावसुद्धा न्हाई, गुऱ्हाळातली जुनी काहील, गूळ शिजवायची भली मोठी कढई. गुऱ्हाळ बंद झालं, आता तिच्यात बसून शेजारचा महादू वैरण आणायचा. लव्हाळ्यातली वाट चिंचोळी. पूर ओसरला की गाळ नव्या जागी बसलेला. आण्णा दिवसभर घमेल्यानं तो उपसायचा, आणि मी दिसलो की, "हॉल्ट! काहील पहिली! नाव डावीकडनं!"

बायका पदरात तोंड घालून हसायच्या. मला मान वर करायची लाज वाटायची.

"आण्णा, वल्हं माझ्या हातात हाय!"

"असू दे की. कान तेवढा माझ्याकडं ठेव, गड्या."

त्यात उभं राहायची जागाबी रोज बदलायचा. गाळासंगं ह्याचं डोकंबी सरकतंय, असं मीच गावभर सांगायचो.

एकदा तो फलटणला लेकीकडं गेला. नेमके माझे व्याही-विहीण बेट बघायला आले. मी ऐटीत म्हणालो, "आज बिनशिट्टीचं नेतो." नाव मधोमध गाळात रुतली. व्याह्यांनी धोतर खोचलं, विहीणबाईंची चप्पल गाळानं गिळली.

मागनं महादू काहिलीतनं वरडला, "आवं तात्या, आण्णांनी समोर बांबू रोवलाय, लाल फडकं बांधलंय! दिसलं न्हाई व्हय?"

न्हाई दिसलं. आण्णासुद्धा मला कवा दिसायचा? शिट्टी यायची, ती चुकवून मी नाव वळवायचो. गाळ जिथं, तिथं तो उभा. मागं एकदा "डोळं दाखवून ये" म्हणाला, तर मी लय दिवस अबोला धरला. त्यानंतरच त्यानं ही शिट्टी सुरू केली होती.

संध्याकाळी आण्णा परतला. पारावर माझी टिंगल रंगलेली. त्यानं टोपी काढली आणि म्हणाला, "बांबू मीच चुकीच्या जागी रोवला."

मला भाकरी गेली न्हाई.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिट्टी वाजली. बायका हसायच्या आत मी वल्हं आडवं धरलं.

"आण्णा, वर ये. नावंत पुढं बस," सगळ्यांदेखत मी म्हणालो. "मला दिसत न्हाई."