पहिल्या नंबराचे आश्चर्य

बातमीला आश्चर्य लागते, आणि आश्चर्य हा नाशवंत माल आहे. सोलापुरात निकालागणिक मुस्लिम मुलामुलींचा टक्का वाढतो आहे; पहिल्या पाचांत तर मुली घरच्यासारख्या येऊन बसतात. तरीही दरवर्षी तितकेच थक्क होण्याची परंपरा आमच्या दैनिकाने खंडित होऊ दिलेली नाही. (श्रेय मी विनयाने घेतो. निकालाचे पान माझ्याकडे असते.)

यंदा बारावीला शहरात पहिली आली विजापूर वेशीतली तहूरा नदाफ. छायाचित्रकार मायाप्पाला घेऊन मी घरी पोचलो. पुस्तकांचे भरलेले कपाट, वडील वीज कंपनीत अभियंते, आई गणिताची शिक्षिका. माझी घोर निराशा झाली. मायाप्पा मात्र अनुभवी. त्याने कूलर बंद केला आणि कपाटावर चादर टाकली.

"कूलर कायकू बंद कर रहें?" आईने विचारले.

"आपण गरीब दिसायला, अम्मी," मुलगी म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "काका, माझी आपा पहिली आली तेव्हा तुम्ही 'बुरख्याआडची गुणवंत' छापलं. ती बुरखा घालत बी नाही. अजून कॉलेजात तिला 'बुरखा' म्हणूनच हाक मारतात. माझं तसलं काही नको. वर मोठ्या अक्षरात नुसतं नाव टाका की."

मी शब्द दिला. (दैनिकात शब्दांना तोटा नसतो.) मग कर्तव्य म्हणून अडचणी विचारल्या.

"काहीच नाहीत."

"एखादी तरी असेल."

"पाणी चार दिवसांआड येतं."

"बघा!"

"तुमच्याकडं रोज येतं व्हय?"

संध्याकाळी मी शीर्षक लिहिले: तिचे नाव, पुढे 'शहरात पहिली'. वृत्तसंपादक म्हणाले, "यात बातमी कुठाय?" मी बाणेदारपणे गप्प राहिलो. सकाळी छापून आले: 'पाण्यासाठी वणवण, तरीही मुस्लिम कन्या अव्वल!'

वाचकांचे एकेचाळीस फोन आले. सर्वांना मनापासून कौतुक होते. 'त्यांच्यातसुद्धा' हा शब्द सदतीस जणांनी वापरला. नाव एकाच्याही तोंडी नव्हते. बेचाळिसावा फोन मुलीचा.

"काका, आता कॉलेजात मला काय म्हणणारेत, माहितेय का? टँकर."

मी तिला थोर वाचकांचे कौतुक कळवले. तिने फोन ठेवला.

वाचकहो, त्या एकेचाळिसांत आपण नव्हता, याची मला खात्री आहे. तेव्हा वर न बघता तिचे नाव तेवढे सांगा.