दामूकाका नोटीस घेत नाहीत

दामूकाका लग्नाची पत्रिका हातात घेत नाहीत. समोरचा माणूस हळदकुंकू लावलेली पत्रिका पुढे करतो, तसे ते दोन्ही हात पाठीमागे नेतात आणि म्हणतात, "बोनटवर ठेव." मग जीपपुढे वाकून, नाक टेकेल इतक्या जवळून, मुहूर्त वाचतात. लग्नाला मात्र वऱ्हाडाच्या आधी हजर.

या वेडाला कारण मीच. मी गावची पोस्टवाली, सरकारी कागद घरोघरी मीच पोचवते. काकांची काळीपिवळी जीप धसई ते मुरबाड धावते. तिला दारं आहेत, पण ती लागलेली कोणी पाहिलेली नाहीत. आत माणसं, मागे लोंबकळणारी माणसं, टपावर भाजीच्या पाट्या. शेवटी आरटीओच्या साहेबाने नाक्यावर अडवलं आणि सांगितलं, "लायसनवर कारवाई होणार. नोटीस घरी येईल." स्टँडवरच्या कुणा दीडशहाण्याने काकांना पढवलं, की नोटीस हातात घेतली तरच लागू होते. झालं! त्या दिवसापासून काका कुठल्याच कागदाला शिवेनात.

नोटिशीचं रजिस्टर पाकीट आलं. मी गेले, तर दार आतून बंद.

"दामूकाका!"

"घरी नाय!"

"मग बोलतंय कोण?"

"शेजारी!"

काकांच्या शेजारी आमचंच घर आहे.

पुढच्या खेपेला ते भाताच्या कणगीमागे लपले, आणि शिंकले. मी "जपा हो" म्हटलं, तर आतून "बरं" आलं. नोटीस मात्र नाही. मग माझंही डोकं फिरलं. सकाळी सरळ त्यांच्या जीपमध्ये पुढच्या सीटवर जाऊन बसले. स्टेअरिंग सोडून पळणार कुठे?

"काका, घ्या हे. नाहीतर मी पाकिटावर 'घेण्यास नकार' लिहीन. तसं लिहिलं की नोटीस तुम्हाला मिळाली असंच धरतात. तुमचं न ऐकताच लायसन जाईल."

काकांनी जीप बाजूला घेतली. "म्हंजे घेतली तर मना इचारतील?"

"तारीख देतात. जाऊन आपलं म्हणणं सांगायचं."

"काय सांगू गो बाय? कोनी हात केला का मना पुढं जाववत नाय. आन् गाडी बंद झाली तर दिसभर बोलू कोनाशी? तुजी काकी गेल्यापासून घरात भांडं पडलं, तरी ते मीच पाडलेलं असतंय."

मला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. काकांनी पाकीट घेतलं आणि आडनावासकट सही केली.

तारखेच्या दिवशी त्यांनी जीप धुतली. "आज कायद्यानं जानार. एकटाच," म्हणाले. पण स्टँडवर सगळे आधीच येऊन थांबले होते. भाजीवाल्या, अंगणवाडीच्या बाई, काठी टेकत आलेले म्हातारे. बघता बघता जीप अशी भरली, की तशी कधी भरली नव्हती.

"अरे उतरा!" काका ओरडले. "जादा मानसं भरतो म्हनून तर बोलावलंय!"

"तेच सांगाया आलोय आमी," एक भाजीवाली आजी म्हणाली. "तू कोनाला रस्त्यावर टाकून जात नायस."

काका स्टेअरिंगवर डोकं टेकून लहान पोरासारखे रडायला लागले. मी दाराशी लटकून उभी होते. उतरायला कोणीच तयार नव्हतं.