काकांचा पत्र्याचा डबा

विळीवर बोट कापलं म्हणून मी फडका गुंडाळून खालच्या मजल्यावरच्या देवरेकाकांकडे पळाले. "काका, बोट कापलं!" काकांनी चष्मा चढवला, फडका सोडला आणि रक्ताकडे बघत शांतपणे म्हणाले, "कापलेलं नाही. चिरलंय. कापलं म्हणजे तुकडा पडायला हवा. तुकडा कुठंय?"

तुकडा नसल्याचं मी कबूल केलं, तेव्हा कुठे त्यांनी आयोडीनची बाटली उघडली.

देवरेकाका मूळचे सटाण्याचे. पंचवटीत एका डॉक्टरांकडे चाळीस वर्षं कंपाउंडर होते. डॉक्टर गेले, दवाखाना बंद झाला, पण काकांचा पत्र्याचा डबा चालूच राहिला. आमच्या सोसायटीतलं प्रत्येक पडणं-धडपडणं आधी त्या डब्यापाशी येतं. उपचार फुकट, फक्त शब्द बरोबर हवा. मांजर चावलं म्हणालात आणि दाताची खूण नसली, तर "बोचकारलं" असं वदवून घेतात. टेंगूळ फक्त डोक्याला येतं, गुडघा सुजतो. 'भाजलं' म्हणायची परवानगी फोड आल्यावर, तोपर्यंत तो चटका. माझा नवरा एकदा जिन्यात पाय घसरून "मेलो" म्हणून ओरडला, तर काकांनी त्याला तसाच पायरीवर बसवून मुरगळणं आणि लचकणं यांतला फरक समजावून सांगितला. तो फरक त्याला अजून कळलेला नाही, पण हल्ली तो कठडा धरून उतरतो.

फोनवर विचाराल तर मात्र काही सांगणार नाहीत. "दाखव आधी, बोल मग," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. न बघता कुठल्याही दुखण्याला नाव द्यायचं नाही, हा त्यांचा चाळीस वर्षांचा नेम.

हाच डबा ते माणसांच्या अब्रूसाठीही उघडतात. गेल्या उन्हाळ्यात आमच्या चेअरमनसाहेबांनी पाणी खेचायची मोटर थेट नळाला लावलेली सापडली, तीही सगळ्या सोसायटीदेखत. वहिनी रडायला लागल्या, "आमची अब्रू गेली हो!"

"अब्रू कुठली वहिनी, शोभा झाली," काका म्हणाले. "शोभा चार दिवसांत भरून येते. नाचक्की असती तर महिना धरला असता. सुकू द्या. खपली काढू नका."

पाचव्या दिवशी चेअरमन पार्किंगवरून भांडायला पुन्हा हजर. काकांचं निदान सहसा चुकत नाही.

त्याच वेळी कुणीतरी गमतीनं विचारलं होतं, "आणि काका, काळिमा असेल तर?" काका उठले. घरात गेले आणि दार लोटून घेतलं.

मला कारण ठाऊक होतं. अकरा वर्षांपूर्वी त्यांच्या माधुरीनं येवल्याच्या एका पैठणी विणणाऱ्या मुलाशी लग्न केलं. जात वेगळी. काकू आधीच गेलेल्या. घरात बापलेकीशिवाय कुणी नव्हतं. त्या दिवशी मात्र दारात नातेवाइकांची गर्दी जमली आणि त्यांच्यासमोर काका फोनवर म्हणाले, "काळिमा फासलास घराला. पुन्हा इथं येऊ नकोस." मुलगी बापासारखीच शब्दाला पक्की. ती आली नाही.

यंदा भाचीच्या लग्नाची पैठणी घ्यायला मी येवल्याला निघाले, तेव्हा काका वर आले. जिना चढून दम लागला होता.

"सुनंदा, रेशमाच्या धाग्यानं बोटाला लागतं, त्याला विणकर काय म्हणतात, तेवढं विचारून ये. उगाच आपलं, माहिती म्हणून." हातात मलमाची ट्यूब होती. ती त्यांनी माझ्या पिशवीत टाकली. कुणाला द्यायची ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

येवल्यात माधुरीचं घर शोधून काढलं, तर ती मागावर बसली होती. मी ट्यूब पुढे केली. टोपण हरवू नये म्हणून ते दोऱ्यानं बांधून ठेवायची काकांची सवय. तो दोरा बघितला आणि तिचे हात थांबले. "बाबा बरे आहेत ना?" तिनं विचारलं.

मी काकांचा प्रश्न सांगितला. तिनं तर्जनी माझ्यासमोर धरली. एक बारीक रेघ, पुन्हा पुन्हा उघडलेली.

"शब्द मला माहीत आहे, पण तुमच्याकडे देणार नाही," ती म्हणाली. "त्यांना म्हणावं, न बघता तुम्ही नाव देत नाही ना? मग येऊन बघा."

संध्याकाळी मी हे जसंच्या तसं सांगितलं. काका खुर्चीत बसून राहिले. मला वाटलं, रागावले. पण त्यांचा आवाज अगदी बारीक आला.

"तेव्हा मी काय बघितलं होतं गं? त्या मुलाचं तोंडसुद्धा नाही. दारात चार लोक उभे होते, म्हणून एवढा मोठा शब्द वापरला. ते लोक महिन्याभरात सगळं विसरले. खरचटलं होतं गं नुसतं. तुकडा मी पाडला."

मला फार वाईट वाटलं. इतक्या वर्षांत त्यांना कधी स्वतःच्या दुखण्याबद्दल बोलताना ऐकलं नव्हतं. मी येवल्याच्या गाड्या किती वाजता असतात ते सांगायला लागले.

"माहीत आहेत," काका म्हणाले. "सगळ्या माहीत आहेत."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना स्टँडवर सोडायला गेले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, मांडीवर पत्र्याचा डबा. खिडकीशी बसले, आणि गाडी सुटायच्या बेतात असताना मान बाहेर काढून म्हणाले, "तिनं बोट दाखवलंच नाही तर?"

"दाखवेल काका. नक्की दाखवेल."

"न बघता बोलू नकोस," काका म्हणाले आणि त्यांनी डबा दोन्ही हातांनी घट्ट धरला.